हवाईयन कला : निसर्गाशी आप्तसंबंध

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवरील मूळ पॉलिनीशियन रहिवाशांची कला. मनुष्य, वनस्पती, प्राणी व देवता एकाच वंशातील होत, ही श्रद्धा तिच्या मुळाशी आहे. ‘कुमुलिपो’ हे दोन हजारांहून अधिक ओळींचे वंशस्तोत्र या श्रद्धेचा प्रमुख आधार होय. मौखिक परंपरेने चालत आलेले हे स्तोत्र राजा कालाकाउआ याने १८८९ मध्ये मुद्रित करविले. राणी लिलिउओकालानी हिने केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. आदिम अंधारातून प्रथम प्रवाळ, मग इतर जीव व अखेरीस मानव, असा क्रम त्यात वर्णिला आहे. दुसऱ्या एका कथेनुसार, वाकेआ व होओहोकूकालानी यांचे मृत जन्मलेले पहिले अपत्य जेथे पुरले, तेथे अळू उगवले. त्यानंतर जन्मलेला हालोआ हा मानवांचा पूर्वज ठरला. अळू हा अशा रीतीने मानवाचा थोरला भाऊ होय : धाकट्याने त्याची निगा राखावी, त्याने धाकट्याचे पोषण करावे. दिवंगत पूर्वज शार्क, घुबड इत्यादींच्या रूपाने कुळाचे रक्षण करतात, अशीही समजूत आहे.

या श्रद्धेचा आविष्कार निसर्गाच्या चित्रणापेक्षा द्रव्याची निवड आणि त्याचे संस्कार यांतून अधिक होतो. कापा हे वस्त्र कागदी तुतीची अंतर्साल कुटून तयार करीत. कोरीव बडवण्याचे ठसे त्यात उमटत आणि वस्त्र उजेडात धरले असता दिसत. वर बांबूच्या ठशांनी बहुधा भौमितिक आकृती छापीत. झाडाचे चित्र त्यावर नसते. झाडच वस्त्र झालेले असते.

पिसांचे झगे हा या कलेचा सर्वोच्च आविष्कार. कालानीओपूऊ या प्रमुखाने १७७९ मध्ये कॅप्टन कुक याला दिलेला झगा २०१६ मध्ये न्यूझीलंडहून हवाईला परत आला. त्यासाठी सुमारे २०,००० पक्ष्यांची पिसे लागली असावीत, असा अंदाज आहे. त्यामुळे या कलेला केवळ निसर्गप्रेमाची कला म्हणणे अपुरे ठरते. येथील आप्तभावात समता अभिप्रेत नव्हती. जो वंश पक्ष्याला मानवाशी जोडतो, तोच प्रमुखाला सामान्यांहून वर बसवितो. झग्याचे तेज आणि त्यामागील सत्ता ही एकत्रच पाहावी लागतात.

१८१९ मध्ये जुनी निषेधव्यवस्था मोडली व बहुतेक देवमूर्ती जाळण्यात आल्या. कू या देवाच्या मोठ्या मंदिरमूर्तींपैकी अवशिष्ट तीन २०१० मध्ये होनोलूलूच्या बिशप संग्रहालयात एकत्र मांडल्या गेल्या. त्यांचे रुंदावलेले मुख व ताणलेले पवित्रे पाहता, निसर्गाशी नाते म्हणजे सौम्यता नव्हे, हे स्पष्ट होते.

१९७० नंतरच्या पुनरुज्जीवनात हर्ब काने (१९२८–२०११) या चित्रकाराचे स्थान महत्त्वाचे आहे. पूर्वजांचे सागरप्रवास त्याने प्रभावीपणे रंगविले. परंतु अशा वास्तवदर्शी चित्रांत प्रेक्षक बाहेरून दृश्य पाहतो. परंपरागत कलेत तो त्या नात्याचा घटक असतो. कानेच्याच आराखड्यानुसार बांधलेली ‘होकूलेआ’ ही जोडनौका १९७६ मध्ये आधुनिक उपकरणांविना, तारे व लाटा यांच्या आधारे ताहितीला पोहोचली. त्याच्या चित्रांपेक्षा ही नौकाच पूर्वजांच्या दृष्टीची अधिक खरी वारसदार ठरते. कारण तिने त्या दृष्टीचे चित्र न काढता ती आचरणात आणली. पुनरुज्जीवित कापाचेही तसेच आहे. तुतीची लागवड व तिची जोपासना यांपासूनच त्या कलेचा आरंभ होतो.