दिवा आणि खराटा

भर दिवसा दिवा लावून अथेन्समध्ये माणूस शोधीत हिंडणारा डायोजेनीस आमच्या दिग्रसच्या शाळकरी मुलांना फार आवडतो. भेटीस आलेल्या सिकंदराला ‘बाजूला हो, माझे ऊन अडवू नकोस’ म्हणणारा फकीर कोणाला आवडणार नाही? पण अलीकडे त्याच्याच पंगतीला टायमनलाही बसवतात, आणि जगाला शिव्या घालणारा तोच शहाणा, असे ठरून जाते. कादंबऱ्यांचे नायकही ह्याच वळणावर जाताना दिसतात. माझी तक्रार ह्या पंगतीविषयी आहे.

शेक्सपिअरच्या नाटकातला टायमन संपत्ती उधळतो. ती सरताच मित्र पाठ फिरवतात आणि तो रानात जाऊन अवघ्या मनुष्यजातीला शाप देत बसतो. त्याचे दुःख खरे. पण तो रुसवा आहे, तत्त्वज्ञान नव्हे. डायोजेनीसने आधी स्वतःच्या गरजा छाटल्या. ओंजळीने पाणी पिणारे पोर पाहून त्याने आपला पेलाही फेकून दिला, अशी जुनी कथा आहे. रांजणात राहणाऱ्या माणसाच्या तोंडीच ते सिकंदराला दिलेले उत्तर शोभते.

तरीही आम्हा वऱ्हाडकरांना घरचे माप आहे. शेंडगावचे डेबूजी, म्हणजेच गाडगेबाबा (१८७६–१९५६). अंगावर चिंध्या, हाती फुटके गाडगे. लोकांच्या ढोंगाचे वाभाडे त्यांनीही काही कमी काढले नाहीत. कीर्तनात प्रश्नामागून प्रश्न विचारून नवसाचा बोकड, दारू आणि सावकाराचे कर्ज ह्यांतला वेडेपणा ते श्रोत्यांच्याच तोंडून वदवीत. पण गावात शिरल्यावर आधी खराटा चाले, जीभ मागून. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांवर घरच्यांचा हक्क मात्र ठेवला नाही.

डायोजेनीसच्या दिव्याला माणूस दिसला नाही. बाबांना तो उकिरड्याशेजारीच दिसला, म्हणून तर उकिरडा उपसावासा वाटला.

हा भेद पुस्तकी नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना जगाचा राग यावा असे पुष्कळ आहे: कापसाचा भाव, बापाचे कर्ज. तो राग खोटा नव्हे आणि तो विझवणे हे मास्तरचे कामही नव्हे. मात्र त्या रागाला गुरू कोण मिळतो, ह्यावर सारे आहे. टायमन मिळाला, तर पोरगा पारावर बसून गावाला नावे ठेवील. बाबा मिळाले, तर नावेही ठेवील आणि पारही झाडील.

दिवाळीत आपल्या घरी आधी झाडलोट होते, पणती मागाहून लागते. लेखकांनीही हा क्रम मोडू नये.