एकतर्फी काच : प्राणिसंग्रहालयाच्या खेळाचे खेळण्याजोगेपण

कादंबरीविषयी बोलताना आपण ‘वाचनीयता’ हा शब्द थोड्या संशयानेच वापरतो. फार वाचनीय म्हणजे उथळ असणार, असा एक पूर्वग्रह मराठी समीक्षेत बराच काळ वावरला आहे. नाटकाच्या बाबतीत मात्र ‘प्रयोगक्षमता’ हा गुणच मानला जातो. प्रयोगात उभे राहत नाही ते नाटक अपुरे, असे आपण बिनदिक्कत म्हणतो. व्हिडिओ गेम नाटकाला जवळचा, पण त्याहूनही परावलंबी प्रकार आहे. खेळणारा बसल्याशिवाय तो घडतच नाही, आणि बसणाऱ्यागणिक वेगळा घडतो. म्हणून ‘हा खेळ कशाविषयी आहे?’ याच्या आधी ‘हा खेळण्याजोगा कशामुळे होतो?’ हा प्रश्न विचारायला हवा, असे मला वाटते.

प्राणिसंग्रहालय उभारण्याच्या खेळांत हा प्रश्न अधिक अडचणीचा होतो. शहर वसवण्याच्या खेळात कच्चा माल रस्ते आणि वीजवाहिन्या असतात. रेल्वेच्या खेळात रूळ आणि डबे. इथे कच्चा माल म्हणजे सजीवाचा बंदिवास. तो हाताळताना मजा वाटावी अशी खेळाची रचना करायची, तर ती मजा नेमकी कुठून आणायची? या लेखात मी मुख्यतः दोन खेळांच्या आधारे याचा शोध घेणार आहे. पहिला ‘झू टायकून’ (२००१) आणि दुसरा ‘प्लॅनेट झू’ (२०१९). दोन्ही मी दीर्घकाळ खेळले आहे, आणि दोन्हींविषयीचे माझे मत गुणदोषांच्या यादीत मावणारे नाही.

या खेळांचे कूळ ठाऊक असलेले बरे. विल राइटचा ‘सिमसिटी’ १९८९ मध्ये आला. त्यात जिंकणे असे नव्हते. व्यवस्था उभारायची आणि चालवत राहायची. १९९४ च्या ‘थीम पार्क’ने या रचनेत तिकीट काढून आलेला पाहुणा आणला. १९९९ मध्ये ख्रिस सॉयरच्या ‘रोलरकोस्टर टायकून’ने तो पाहुणा इतका बोलका केला की गर्दीतल्या कोणाही एकावर क्लिक करून त्याच्या मनातले वाचता यावे. ‘ब्लू फँग गेम्स’ने तयार केलेला आणि मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केलेला ‘झू टायकून’ या कुळातला पुढचा वारस. त्याने पाहुण्याच्या समोर दुसरे एक मन उभे केले, प्राण्याचे. आता खेळणाऱ्याला दोन यजमानक्या करायच्या होत्या, आणि दोघांच्या गरजा एकमेकांशी जुळतीलच असे नव्हते.

‘झू टायकून’ ही पेचाची जागा गणिताने सोडवतो. सिंहाच्या कुंपणात सॅव्हानाचे गवत किती, माती किती, पाणी किती, झाडे कोणती, याचे एक ठरलेले प्रमाण असते. जमिनीचा तुकडा योग्य पडला की प्राण्याच्या डोक्यावर हिरवा हसरा चेहरा उमटतो. चुकीचे झाड लावले की लाल, रुसलेला. खेळण्याजोगेपणाचे हे अगदी शुद्ध उदाहरण आहे. कृती आणि प्रतिसाद यांत क्षणाचेही अंतर नाही, आणि प्रतिसाद कोणालाही कळावा असा. रांगोळीचे ठिपके जुळत जावेत तसे ते कुंपण भरत जाते. पण इथला सिंह हा सिंहाच्या आकाराचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सापडले की त्याच्याकडे पाहण्याचे कारण संपते, आणि आपण जिराफाकडे वळतो.

याच खेळात एक चोरवाट होती. शिफ्ट धरून ४ चा आकडा, म्हणजे डॉलरच्या खुणेची कळ, दाबली की खात्यात दहा हजार डॉलर जमा होत. मात्र त्याच वेळी कुंपणे कमकुवत होत. मला ही चोरवाट मूळ खेळाइतकीच अर्थपूर्ण वाटते. फुकटच्या पैशाची किंमत कुंपणाने चुकवायची, हा एक नीतिपाठच आहे, आणि तो कोणत्याही संवादाशिवाय दिलेला आहे. इयन बोगोस्टने ‘पर्स्वेसिव्ह गेम्स’ (२००७) या ग्रंथात खेळ नियमांच्या द्वारे प्रतिपादन करतो, असा सिद्धान्त मांडला. मराठी वाचकाला तो परका वाटू नये. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला गेलेला मोक्षपट वेगळे काय करत होता? सद्गुणाच्या घरात शिडी आणि दुर्गुणाच्या घरात साप असला की कीर्तन न ऐकताही खेळणाऱ्याला बाजू कळते.

मग प्रश्न असा की प्राणिसंग्रहालयाच्या खेळाचे साप कुठे आहेत आणि शिड्या कुठे?

केंब्रिजच्या ‘फ्रंटियर डेव्हलपमेंट्स’ने केलेला ‘प्लॅनेट झू’ या दृष्टीने फार महत्त्वाकांक्षी आहे. इथे प्राण्याला वय आहे, आजार आहे, आप्तसंबंध आहेत. वयात आलेला नर बापाशी झुंजतो. सख्ख्या भावंडांची वीण झाली तर पिल्लांची प्रतिकारशक्ती घटते. हेळसांड झाली तर फलक घेतलेले निदर्शक दारात येतात. कुंपण झिजते, पाणी गढूळ होते. त्वचा, चाल आणि नजर यांवर इतकी मेहनत आहे की लांडगा नुसता उभा असला तरी बघत राहावेसे वाटते. ‘झू टायकून’मध्ये संपलेले पाहणे इथे परत सुरू होते.

पण याच श्रीमंतीमुळे खेळ वारंवार अडखळतो. घड्याळातल्या काही मिनिटांत खेळातले वर्ष सरते, त्यामुळे एखाद्या अधिवासाची कातळभिंत मनासारखी रचून होईपर्यंत त्यात ठेवलेले जनावर म्हातारे झालेले असते. सूचनांचा पाऊस थांबत नाही. अमक्याला जोडीदार नाही, तमके झुंजले, मोरांची संख्या पुन्हा वाढली. पुढे प्राण्यांचे वय हळू वाढण्याची सोय देण्यात आली, यावरून ही तक्रार एकट्यादुकट्याची नव्हती हे दिसते. पायवाटा आखण्याची पद्धतही हट्टी आहे. उतारावर वाट वळवताना जो वेळ जातो त्याला करमणूक म्हणणे कठीण. म्हणजे घडवणाऱ्याला लागणारा निवांतपणा आणि सांभाळणाऱ्याला लागणारी चपळाई ही दोन्ही एका माणसाकडून, एकाच वेळी मागितली जातात. ‘प्लॅनेट झू’ खेळण्याजोगा नाही, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथे खरा आहे.

त्यावरचा उपाय खेळानेच दिला आहे. ‘सँडबॉक्स’ प्रकारात पैसा अमर्याद ठेवता येतो. भूक, झुंज, मृत्यू बंद करता येतात. फ्रेंच विचारवंत रॉजे कायवाने १९५८ मध्ये खेळाची दोन टोके सांगितली होती. एका टोकाला मुक्त बागडणे, दुसऱ्याला नियमांनी बांधलेली कसोटी. आपल्या भाषेत भातुकली आणि सारीपाट म्हणू. सगळ्या गरजा बंद केल्या की ‘प्लॅनेट झू’ची भातुकली होते, आणि ती फार देखणी भातुकली आहे. मात्र भातुकलीतल्या बाहुलीला भूक लागते, कारण ती लागली असे मुले मानतात. इथे भूक मेनूतून बंद केलेली असते. उरतो तो वाघाच्या कातड्यातला शोभेचा दगड.

दुसऱ्या टोकाला ‘फ्रँचाइज’ प्रकार आहे. यात जगभरचे खेळाडू एकमेकांशी प्राण्यांची देवघेव करतात. प्रत्येक प्राण्याचा आकार, आयुर्मान, प्रजननक्षमता आणि प्रतिकारशक्ती टक्क्यांत लिहिलेली असते. प्राणी ‘निसर्गात मुक्त’ केला की संवर्धनाचे गुण मिळतात आणि त्या गुणांवर नवे, अधिक चांगल्या टक्क्यांचे प्राणी घेता येतात. हेतू निःसंशय चांगला आहे. शिडी सद्गुणाच्या घरातच ठेवली आहे. पण थोडे दिवस खेळल्यावर लक्षात येते की ज्या रानासाठी हे सगळे चालले आहे ते नकाशावर कुठेच नाही. मुक्त करणे म्हणजे एक बटण. दाबले की प्राणी नाहीसा होतो आणि आकडा वाढतो. खेळातला सर्वांत नैतिक क्षण हा खेळातला सर्वांत रिकामा क्षण आहे. आपण कुठे सोडले, ते जगले का, हे विचारायला जागाच ठेवलेली नाही. भरभर पिल्ले देणाऱ्या जातींची पैदास मग दयेने होत नाही, चलन म्हणून होते.

तरीही या खेळात एक जागा अशी आहे जिथे मजा आणि प्रश्न एकजीव होतात, आणि माझ्या मते त्याचे खरे खेळण्याजोगेपण तिथे आहे. पाहुण्यांना प्राणी दिसला तर ते दानपेटीत पैसे टाकतात. लाजऱ्या प्राण्यांना मात्र पाहुण्यांच्या नजरेचा ताण येतो, आणि प्रत्येक जनावराला आडोसा हवाच असतो. आडोसा दिला की प्राणी आत जाऊन बसतो, पाहुणे रिकाम्या गवताकडे बघून पुढे सरकतात, पेटी रिकामी राहते. आडोसा काढला की पेटी भरते आणि प्राणी खंगतो. राणीच्या बागेतून परतणाऱ्याला आपण पहिला प्रश्न ‘वाघ दिसला का?’ हाच विचारतो. वाघाला दिसायचे होते का, हा प्रश्न या खेळात निदान आकड्यांच्या रूपाने तरी उभा राहतो. मग खेळणारा जमिनीचा चढउतार बदलतो, आडोशाचे तोंड फिरवतो, वाट दूर नेऊन एका फटीतून दृश्य देतो. असे करताना तो खऱ्या वास्तुकाराच्या पेचात सापडलेला असतो. हाताला काम आहे, डोक्याला प्रश्न आहे, आणि आधीच ठरलेले उत्तर नाही.

दुर्दैवाने या पेचातून सुटायची पळवाटही खेळ हाती देतो. तिचे नाव एकतर्फी काच. ही लावली की पाहुण्यांना प्राणी दिसतो, प्राण्याला पाहुणे दिसत नाहीत. ताण मिटतो, पेटी भरते. कार्ल हागेनबेकने १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळच्या स्टेलिंगेन येथे गज काढून खंदक आणले, तेव्हा कैद संपली नव्हती. ती फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यांआड गेली होती. एकतर्फी काच त्याच्याही पुढे जाते. ती पाहणाऱ्यालाच कैद्याच्या डोळ्यांआड करते. जॉन बर्जरने १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात म्हटले होते की माणूस प्राणिसंग्रहालयात प्राण्याच्या नजरेला नजर भिडवायला जातो आणि ती भेट तिथे होत नाही. या काचेपाशी ती न होण्याची पक्की व्यवस्थाच केलेली आहे, आणि खेळाचे नियम तिला प्राण्याचे कल्याण म्हणून गुण देतात.

आणि आपण ज्या पडद्यासमोर बसलेलो असतो, तो तरी दुसरे काय आहे? पडद्यावरचा हिमबिबट्या कितीही जिवंत भासला तरी त्याला आपली चाहूल लागत नाही. म्हणूनच या खेळांत मजा येते, हे मान्य करायला हवे. जे प्रत्यक्ष पिंजऱ्यासमोर अपराधी वाटते ते इथे निर्धास्तपणे करता येते.

या कारणाने मी या खेळांना नाकारणार नाही. ‘झू टायकून’ आजही अधिक सुबक आहे. त्यात खोच कुठेच नाही. ‘प्लॅनेट झू’ अवजड, कुरकुरता आणि अधूनमधून थकवणारा आहे, पण मोठा खेळ तोच, कारण त्याचा प्राणी कधीकधी खेळणाऱ्याच्या योजनेला दाद देत नाही. खेळण्याजोगेपण म्हणजे सफाईदारपणा असे मानले तर पहिला जिंकतो. खेळताना आपल्यासमोर कोणी दुसरे आहे असे वाटणे हा निकष लावला तर दुसरा. मी दुसरा निकष पसंत करते. नवा डाव मांडणाऱ्याला माझी सूचना एवढीच : काही काळ ती काच लावू नका. आडोसा द्या, पेटी रिकामी राहू द्या, आणि प्राणी आपणहून बाहेर येईपर्यंत खेळ चालवता येतो का ते पाहा. तो डाव कठीण जाईल, आणि खेळण्याजोगा होईल.