गुलाब : भिंतीवरचा आणि कवितेतला

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काशीत बांधलेल्या भोसले घाटावर पानांच्या द्रोणात दिवा व फुले ठेवून तो गंगेत सोडतात. त्या फुलांत झेंडू असतो आणि गुलाबाच्या पाकळ्याही असतात. झेंडू अमेरिकेतून आला, गुलाबाचे नाव इराणातून. वाहणाऱ्या हाताला याची दखल घेण्याचे कारण नाही. फुलाला अर्थ येतो तो त्याच्या उगमापेक्षा त्याच्या उपयोगातून. गुलाबाला ‘वैश्विक प्रतीक’ म्हणून मोकळी होणारी समीक्षा नेमका हा उपयोगाचा प्रश्न टाळते.

रोमन काव्यातील गुलाब या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. रोममध्ये मेजवानीच्या वेळी गुलाबाच्या माळा मस्तकी धारण करीत आणि ‘रोसालिया’च्या दिवसांत तेच फूल थडग्यांवर वाहत. पेला आणि कबर यांचा असा शेजार व्यवहारातच असल्याने कवीला तो निर्माण करावा लागला नाही. होरेसच्या ओडांच्या पहिल्या पुस्तकाचे (इ. स. पू. २३) शेवटचे गीत अवघ्या आठ ओळींचे आहे. उशिराचा गुलाब कोठे रेंगाळला असेल त्याचा शोध घेऊ नकोस, विलायती मेंदीची साधी डहाळी पुरे, असे त्यात सेवकाला सांगितले आहे. गुलाब येथे केवळ नकारातून येतो. तरी सरत्या ऋतूची सारी हुरहुर त्या नकारात साठली आहे.

सुमारे त्याच काळात सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या प्रीमा पोर्ता येथील निवासातील एका तळघरात चारही भिंतींवर उद्यान रंगविले गेले. ते १८६३ साली उजेडात आले. निरनिराळ्या ऋतूंतील फुले-फळे तेथे एकाच वेळी बहरलेली आहेत; गुलाबाशेजारी डाळिंब पिकले आहे. चित्रकाराने ऋतूच रद्द केला, तर कवीची रचना ऋतूच्या अंतावर उभी आहे. एकाच राजवटीतला, एकाच अभिरुचीतला हा गुलाब भिंतीवर एक बोलतो आणि कवितेत दुसरेच. मग दूरच्या भाषांतील गुलाबांना एका माळेत ओवण्याची घाई कशासाठी?

पॉम्पेईतील ‘सोन्याच्या कंकणाचे घर’ या वास्तूत आधाराच्या काठीला बांधलेले गुलाबाचे झुडूप आणि त्यावर बसलेला पक्षी रंगविला आहे. मराठी वाचकाला तेथे बुलबुल आठवतो. परंतु गुल-बुलबुलाची विरहकथा फार्सी काव्याची, कित्येक शतके नंतरची. पॉम्पेईचा पक्षी बागेतला पक्षी आहे. तो कोणासाठी झुरत नाही.

मराठीत असे भिंत आणि काव्य यांचे समांतर नाते कमळाला लाभले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या हाती ते आहे. आणि एकनाथांनी काशीतच १५७३ मध्ये पूर्ण केलेल्या भागवतटीकेमागे भगवंताच्या चरणांना कमळ म्हणणारी दीर्घ परंपरा उभी आहे. गुलाबाला काव्यात मानाचे आसन मिळाले ते पुष्कळ उशिरा, माधव जूलियनांसारख्या फार्सीच्या अभ्यासकामुळे. १९२९ मध्ये त्यांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, पुढे गझलही रुजवली. हे ऋण मोठे आहे. मात्र त्या वळणाच्या मराठी कवितेतला गुलाब पुष्कळदा शिराझच्या बागेतलाच राहिला, हेही नमूद करणे भाग आहे.

वास्तविक मराठी घरात गुलाब आधीच होता, पण पाण्याच्या रूपाने. मूळ फार्सीत ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणीच. फुलाला ते नाव पुढे इकडे मिळाले. दरबारात, लग्नात, सभेत समारोपाला अत्तर-गुलाब आणि पानसुपारी होई. गुलाबदाणी फिरू लागली की उठण्याची वेळ झाली, हे कोणी बोलून दाखवावे लागत नसे. होरेसच्या उशिराच्या गुलाबाच्या इतक्या जवळ जाणारा हा निरोपाचा गुलाब मराठी कवितेने फारसा हाती घेतला नाही. प्रेयसीच्या गालांची उपमा त्यापेक्षा सोपी होती.