स्वमग्न मुलाचे संवेदनविश्व आणि मार्क हॅडन यांची कादंबरी

मार्क हॅडन यांच्या ‘द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ (२००३) या कादंबरीतील १५ वर्षांचा स्वमग्न ख्रिस्तोफर लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकात पोहोचतो, तेव्हा पाट्यांवरील मजकूर छापील पानावरच एकमेकांत मिसळून निरर्थक होतो. सर्व संवेदना सारख्याच तीव्रतेने आदळणे म्हणजे काय, हे येथे वाचकाला डोळ्यांनीच उमगते. पिवळ्या रंगाच्या नावडीला मात्र कस्टर्ड, पीतज्वर अशी कारणे जोडली जातात. तेथे संवेदन मागे पडून केवळ विक्षिप्तपणा उरतो. (ऐंद्रिय प्रतिसादातील भिन्नता अमेरिकी निदान-निकषांत स्वतंत्रपणे समाविष्ट झाली ती २०१३ साली.) आरंभी पोलिसाने धरताच ख्रिस्तोफर त्याला मारतो. कायद्याच्या लेखी तो हल्ला. त्याच्या लेखी असह्य स्पर्श. त्यानंतर मिळालेली कोठडीची लहान, जवळजवळ घनाकृती खोली त्याला सुखावह वाटते, आणि हा तपशील स्थानकाच्या प्रसंगाइतकाच मोलाचा आहे.