निष्ठुर कोण?



भीमेच्या अलीकडे आमचा दौंड तालुका, पलीकडे शिरूर. सप्ताह कुठल्याही काठावर असो, नदी ओलांडून माणसे कीर्तनाला जातात. शिरूरकडच्या अशाच एका सप्ताहात महाराजांनी एका शब्दाची फोड केली : “ज्याच्या ठायी निष्ठा नाही तो निष्ठुर. वारी चुकली, निष्ठा गेली. निष्ठा गेली, तो निष्ठुर झाला.” मंडपात नामाचा गजर झाला. पलीकडे आमच्याच गावची एक बाई बसली होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून तीन वर्षे तिची वारी घडलेली नाही. तिने पदर तोंडाशी धरला आणि ती उठून गेली.

महाराजांचे पाठांतर उत्तम, चाल गोड, दृष्टांत नेमके. पण ही फोड चुकीची आहे, आणि ती एका जिवाला लागली, म्हणून लिहितो.

निर्दय म्हणजे दया नसलेला, निर्लज्ज म्हणजे लाज नसलेला. या शब्दांत नकार आहे. निष्ठुर तसा नाही. जुन्या वैयाकरणांनी तो ‘नि’ उपसर्ग, ‘स्था’ धातू आणि ‘उर’ प्रत्यय असा साधला आहे. स्था म्हणजे उभे राहणे. निष्ठा हा शब्दही त्याच ‘नि’ आणि ‘स्था’ यांतून आलेला. म्हणजे ही दोन्ही एकाच घरची लेकरे. निष्ठा नसेल त्याला निष्ठाहीन म्हणावे. निष्ठुर तो, जो आपल्या जागी इतका घट्ट उभा आहे की समोरच्याच्या रडण्यानेही हलत नाही.

म्हणून निष्ठुरपणाचे भय निष्ठावंतालाच अधिक. नेम पाळता पाळता नेमाचाच दगड होतो, आणि तो दुसऱ्याच्या कपाळी बसतो. गीतेच्या १६व्या अध्यायात पारुष्य, म्हणजे कठोरपणा, आसुरी संपत्तीत मोजला आहे. माळ घातलेल्याला तिथे सूट नाही.

संतांनी विठ्ठलालाही निष्ठुर म्हटले. ते भांडण प्रेमाचे. लेकरू आईलाच असे बोलू शकते. पण देव विटेवर उभा का, हे आपण जाणतो. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. देव दारी आला तरी तो उठला नाही. वीट भिरकावली आणि थांबायला सांगितले. देव थांबला. त्याने पुंडलिकाला निष्ठुर म्हटले नाही. आपल्या जयघोषातही पहिले नाव पुंडलिकाचेच. मग सासूच्या उशाशी बसलेल्या सुनेची निष्ठा गेली, हे कोणी ठरवले?

तुकोबारायांची पालखी यवतला मुक्कामी येते, तेव्हा पिठलं-भाकरीची पंगत बसते. वारकरी जेवतात, विसावतात, पुढे वरवंड, पाटस करून रोटीचा घाट चढतात. भाकरी थापणाऱ्या कितीतरी माउल्या मात्र चुलीपाशीच राहतात. त्यांचे ते थांबणे निष्ठाच आहे.

कीर्तनकार मंडळींना हात जोडून विनंती : शब्द फोडताना समोर कोण बसले आहे, तेही पाहावे. आणि दोष एकट्या महाराजांचा नाही. ती बाई उठून गेली, तेव्हा तिच्यामागे जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते. कीर्तन मधेच सोडू नये, हा माझा नेम. मी जागचा हललो नाही.

रामकृष्ण हरी.