‘एलिफंट’मधला न दिसणारा हत्ती

आज बोलायचंय ते गस व्हॅन सँट यांच्या 2003 सालच्या ‘एलिफंट’ या चित्रपटाबद्दल. कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, दिग्दर्शनाचाही मिळाला. विषय अमेरिकेतल्या एका शाळेतल्या गोळीबाराचा. शाळा काल्पनिक, पण सावली कोलंबाइनची. 20 एप्रिल 1999 रोजी कोलोरॅडोतल्या त्या हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी 12 विद्यार्थ्यांना आणि एका शिक्षकाला ठार मारलं होतं.

आधी नावाचं बघू. ते घेतलंय अ‍ॅलन क्लार्क यांच्या उत्तर आयर्लंडमधल्या हत्यांवरच्या 1989 सालच्या चित्रपटावरून. व्हॅन सँट यांची समजूत अशी की, ते हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीवरून आलं असावं. म्हणजे आपला अंधहस्तिन्याय! क्लार्क यांच्या मनातला हत्ती मात्र वेगळा होता. तो दिवाणखान्यात उभा असतो आणि घरातले सगळे जण तो नसल्यासारखं वागतात.

चित्रपट पहिल्या हत्तीचा आहे. कॅमेरा एकेका मुलाच्या पाठीमागे लांबलचक कॉरिडॉरमधून चालत राहतो. एकच क्षण वेगवेगळ्या मुलांच्या बाजूने पुन्हा दिसतो. कारणंही ठेवलेली आहेत: वर्गात होणारा छळ, व्हिडिओ गेम, टीव्हीवर नाझींचा माहितीपट. मारणारा मुलगा पियानोवर बेथोव्हेन वाजवतो, तेही दिसतं. पण ‘हेच कारण’ असं कुठेच म्हटलेलं नाही. हा संयम मला मोलाचा वाटतो. ‘का?’चं सोपं उत्तर देणं हा मेलेल्या मुलांचा अपमानच झाला असता.

माझा आक्षेप ‘कसं?’बद्दल आहे. मुलं संगणकावर बंदुकांची साइट बघतात, मग घरी पार्सल येतं. झालं! आता अमेरिकेत 1968 च्या कायद्यापासून दुसऱ्या राज्यातून अशी बंदूक थेट ग्राहकाच्या घरी पाठवता येत नाही, मध्ये परवानाधारक विक्रेता लागतो. कोलंबाइनची खरी वाट याहून साधी होती. दोघंही तेव्हा अल्पवयीन होते. अठरा वर्षांच्या एका मैत्रिणीने शस्त्रमेळ्यात खासगी विक्रेत्यांकडून तीन बंदुका घेऊन दिल्या. तिची पार्श्वभूमी तपासली गेली नाही, कारण खासगी विक्रीला तशी सक्तीच नव्हती. चौथं शस्त्र ओळखीतून मिळालं.

ही वाट समजली, म्हणून ती अडवता आली. नोव्हेंबर 2000 मध्ये कोलोरॅडोच्या सुमारे 70 टक्के मतदारांनी शस्त्रमेळ्यातल्या प्रत्येक विक्रीला तपासणी सक्तीची केली. मायकेल मूर यांचा ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ हा 2002 चा माहितीपट कलेच्या दृष्टीने कितीतरी भडक. पण त्यात मूर दोन जखमी विद्यार्थ्यांना घेऊन केमार्टच्या मुख्यालयात जातात, कारण गोळ्या त्या दुकानातून घेतलेल्या होत्या. आणि कंपनी पिस्तुलाच्या गोळ्या विकणं बंद करत असल्याचं जाहीर करते.

मला काय म्हणायचंय? चित्रपटाने कायद्याचा प्रचार करावा, असं मुळीच नाही. पण ‘का?’ हा प्रश्न अथांग आहे म्हणून ‘कसं?’ हाही तसाच धूसर ठेवला, की बंदूक पावसासारखी आभाळातून पडल्यागत वाटते. पावसाला कुणी जबाबदार नसतं. बंदुकीला विकणारा असतो, घेऊन देणारा असतो आणि ते चालू देणारा कायदा असतो. व्हॅन सँट यांनी आंधळे फार हळुवारपणे दाखवले. दिवाणखान्यातला हत्ती मात्र पार्सलमधून आला, आणि कॅमेरा पुढे निघून गेला.