‘अपारदर्शक’: एका समीक्षासंज्ञेची चिकित्सा

मराठी समीक्षाव्यवहारात ‘दुर्बोध’ आणि ‘अपारदर्शक’ ही विशेषणे पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजली जातात. ही अदलाबदल निरुपद्रवी नाही. ‘दुर्बोध’ या संज्ञेत बोधाची क्रिया, आणि म्हणून बोध घेणारा वाचक, गृहीत असतो. दुर्बोधता त्यामुळे वाचकसापेक्ष व कालसापेक्ष ठरते. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर दुर्बोधतेचा आक्षेप घेतला गेला. पुढे तीच कविता अभ्यासक्रमात स्थिरावली. कविता तीच राहिली, वाचनाच्या सवयी बदलल्या.

‘अपारदर्शक’ ही संज्ञा मात्र पदार्थाचा गुणधर्म सांगते. प्रकाश आरपार जाऊ न देणे हा लाकडाचा किंवा धातूचा स्वभाव होय. पाहणाऱ्याच्या दृष्टीशी त्याचा संबंध नाही. हे विशेषण कवितेला लावले की वाचकाची मर्यादा संहितेचा दोष म्हणून नोंदली जाते. शिवाय, भाषा ही काच असून अर्थ तिच्या पलीकडे आधीच सिद्ध असतो, हे गृहीतकही नकळत स्वीकारले जाते. यात प्रशासकीय परिभाषेची भर पडते. माहिती अधिकार कायद्यानंतर (२००५) ‘पारदर्शक कारभार’ हा शब्दप्रयोग सार्वत्रिक झाला. तेथे अपारदर्शकता म्हणजे लपवाछपवी. हा नैतिक ठपका साहित्यविचारात अनाहूतपणे शिरतो.

वस्तुतः शब्दाची घडण अधिक सूक्ष्म आहे. ‘पार’ म्हणजे पलीकडचा तीर. ‘दर्शक’ म्हणजे दाखवणारा, तसाच पाहणाराही. पलीकडचे दिसत नाही याला न दाखवणारी संहिता कारण की न पाहणारा वाचक, याचा निर्णय हा शब्द स्वतः देत नाही. तो निर्णय समीक्षक देतो, आणि बहुधा स्वतःच्या बाजूने देतो.

नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) या दृष्टीने उद्बोधक आहे. कामाठीपुरा परिसरातील ज्या बोलीतून ही कविता घडली, ती प्रमाण मराठीच्या वाचकाला अपरिचित होती. त्या वस्तीला नव्हती. येथे ‘अपारदर्शक’ म्हणणे म्हणजे स्वतःचा तीर हाच एकमेव तीर मानणे होय.

मार्टिनिकचे विचारवंत एदुआर ग्लिसाँ यांनी १९९० च्या ‘पोएतिक द ला रलास्याँ’ या ग्रंथात अपारदर्शकतेचा हक्कच मांडला. फ्रेंचमधील ‘समजणे’ या क्रियापदात ‘घेणे’ दडलेले आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मराठीतील ‘आकळणे’ या क्रियापदातही समजणे आणि कह्यात घेणे हे दोन्ही अर्थ नांदतात. वसाहतीच्या अनुभवातून आलेली ही मांडणी मराठीला जशीच्या तशी लागू करता येणार नाही. शैथिल्यातून आलेल्या अस्पष्टतेलाही तिचा आधार घेता येणार नाही. अशी अस्पष्टता त्या भाषेच्या आतल्या वाचकालाही जाणवते. अपरिचयातून भासणारी अपारदर्शकता त्याला जाणवत नाही.

समीक्षेत हा शब्द टाळण्याचे कारण नाही. कोणाला, कोणत्या तीरावरून आणि कशाच्या पलीकडचे दिसत नाही, हे मात्र सांगावे लागेल. तेवढे सांगितले तर हे विशेषण विश्लेषणाच्या उपयोगी पडेल. एरवी तो केवळ शेरा राहील.